आकडा जुळतो

रणपिसे रात्री साडेनऊला गच्चीवर जातात,
चंद्र बघायला नाही, चंद्र मोजायला.
खाली येऊन वहीत लिहितात:
अंतर तीन लाख सत्तावन्न हजार, उत्तरेला कललेला,
सूर्य समोरासमोर, वारा सेकंदाला सहाशे किलोमीटर.
कुठला वारा, मी विचारलं होतं पहिल्यांदा,
कारण मे महिना, आमच्या धनकवडीत पान हलत नव्हतं.
सूर्याचा, म्हणाले.
तेव्हापासून दोरीवरचे कपडे
मी त्यांना विचारून काढत नाही.

आम्ही दोघं टेलिफोन एक्स्चेंजमधले,
म्हणून आडनावानेच हाक मारते, अजून.
तिथे फॉल्ट शोधायचा म्हणजे
आधी तो आहे असं धरून चालायचं.
निवृत्त झाले, सवय झाली नाही.
आता पृथ्वीची लाइन तपासत बसतात.

वहीत तीन रकाने: तारीख, अंदाज, निकाल.
पुण्यापुढे एकोणीस वर्षं एकच शब्द,
सरकारी अक्षरात: निरंक.
पण गेल्या पौर्णिमेला केपी सातवर गेला होता,
सूर्यावर म्हणे डाग होता, पृथ्वी बारा वेळा मावेल एवढा.
यांनी लिहिलं, अठ्ठेचाळीस तासांत, सहाच्या वर, कुठेतरी.
आणि टोंगाजवळ झाला, समुद्रात, खोल.
सकाळी लाल पेनाने बरोबरची खूण.
आकडा जुळला, म्हणाले, चहा गार होऊ दिला.
मी म्हटलं, रणपिसे, कुठेतरी म्हटल्यावर कुठेतरी होणारच.
दारावरून रोज पोस्टमन जातो,
त्याला माझं पत्र आलं म्हणायचं का?
ते म्हणाले, पेनाची खूण खोडता येत नाही.

मुलगी सेन्दाईला. रविवारी तिला तारखा सांगतात.
ती म्हणते, बाबा, इथे अधूनमधून हलतंच,
आम्ही कप धरतो आणि पुढे बोलतो.
यावर जरा गप्प.
मग विचारतात, कप कुठल्या दिशेला सरकतो?

एकदा ओट्यावर वाटीत पाणी घेऊन बसले, दिवे घालवून.
आणि वाटी थरथरली.
खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.
खाली सोसायटीचा टँकर रिव्हर्स घेत होता.
त्यांनी टॉर्चच्या उजेडात प्रामाणिकपणे लिहिलं:
९.४०, टँकर.

अडतीस वर्षांच्या संसारात एकदाच सांगितलं.
डिसेंबर सदुसष्ट, कोयनेचा.
भवानी पेठेतली दहा बाय बाराची खोली, पहाटे चार एकवीस.
मांडणीवरची भांडी कोसळली, माणसं रस्त्यावर.
आईने अंधारात डोकी चाचपून मोजली.
सात. बरोबर सात.
सातवं डोकं शेजारच्या मोमीनांच्या पोराचं होतं.
हे सहा वर्षांचे, पलंगाखाली, गाढ.
उजाडल्यावर आपणहून उठले, दार उघडंच,
बाहेर येऊन विचारलं,
आज सगळे रस्त्यावर का झोपलात?
पेठ हसली म्हणे. सांगतानाही हसले.
मी शेंगा सोलत होते, सोलत राहिले.

काल परत तारीख होती.
दाराशी चपला, टॉर्च, आधार कार्डांची पिशवी.
कडी काढलेली, चोराला मोकळीक.
पहाटे माझ्या डोक्यावर हात आला,
केस, कपाळ, नाक, चाचपत.
काय झालं?
काही नाही. निरंक. झोप.
मग उठवलंत कशाला?
बोलले नाहीत.
मी त्यांच्या टकलावर तळवा ठेवला,
दोन, म्हटलं.
आणि सेन्दाईला एक, म्हणाले,
तिथे उजाडलं असेल.