पान्यो

आमच्याकडे चेहऱ्यावरच्या वांगाला पान्यो म्हणतात.
पान्यो म्हणजे कापड.
आईच्या दोन्ही गालांवर ते होतं,
नाकाच्या दांडीवरून दुमडून पलीकडे गेलेलं,
कुणी घाईत वाळत टाकावं तसं.

पहिला तुकडा तुझा, असं ती मला सांगायची.
तू पोटात, मी रानात, बटाटे काढायचे दिवस.
तितिकाकाच्या काठावर सूर्य छपरावर येऊन बसतो
आणि आमच्या बायकांची ती काळी गोल टोपी,
तिच्यात रुबाब फार, सावली बोटभर.
दुसरा तुकडा रेमिहियोचा.
तिसरा, हनुवटीखाली, नखाएवढा.
तो कुणाचा, ते ती सांगायची नाही.

चूल विझली की उपाय सुरू.
बटाटा ती सोयरीक जुळवावी तसा निवडायची:
जांभळा नको, जाताना स्वतःचाच रंग ठेवून जाईल.
पिवळा नको, तो सूप व्हायला जन्मलाय.
पांढरा, पाणचट, बाजारात ज्याला कुणी हात लावत नाही,
तो.
पातळ चकत्या लावून ती आडवी पडायची.
आधी जो हसेल त्याने उद्या पाणी आणायचं,
अशी माझी नि रेमिहियोची पैज.
मग एकेक चकती सोलून काढायची,
कडेने काळवंडलेली,
दिव्याशी धरून म्हणायची, बघा, उतरलं.

चकत्या डुकरिणीला जायच्या.
सकाळी उठून मी आधी डुकरिणीचं तोंड बघायचे.
गुलाबी.
मग आईचं.
कापड जिथल्या तिथे.

किनुआ धुतलेलं फेसाळ पाणी झालं.
इलारिया मावशीने सांगितलेलं
तान्ह्या मुलाचं सकाळचं पहिलं मूत्र झालं
(मुलगा शेजारचा, त्याला खाऊ द्यावा लागला).
एकदा लिंबू चोळून ती भर दुपारी मेंढ्यांमागे गेली,
आठवड्यात कापडाला अस्तर लागलं.

हनुवटीखाली मात्र तिने काहीच लावलं नाही.
चकती पुरत नाही, म्हणायची.
पोतंभर बटाटे कोपऱ्यात.

आता मी आरेकिपात औषधांच्या दुकानात उभी असते.
लिंबू नको, सांगते. रुंद काठाची टोपी घाला.
हे मलम रात्री, हे दिवसा, आणि धीर धरा.
आईला एक महागाची ट्यूब पाठवली होती.
निरोप आला: टाचांच्या भेगांना फार गुण आला.

या हिवाळ्यात गावी गेले.
सातवा महिना, बस घाट चढताना दोनदा उलटी.
दारातच तिने माझी हनुवटी धरून
चेहरा उजेडाकडे वळवला.
बोलली काही नाही.
पोत्याशी गेली, बराच वेळ हात आत घालून चाचपडत राहिली.

बटाटा हवेनेच काळा पडतो, हे मला ठाऊक आहे.
शिकले आहे मी ते. परीक्षेत लिहिलं आहे.
मी आडवी पडले.
कपाळावर, गालांवर, मग डोळ्यांवरही तिने चकत्या ठेवल्या.
डोळ्यांवर कशाला, तिथे काही नाही,
असं विचारणार होते
तेवढ्यात ती म्हणाली,

फ्लोरेन्सियो.
अकरा दिवस.
तुझ्यानंतरचा, रेमिहियोच्या आधीचा.

चकत्यांचं पाणी कानाकडे ओघळलं.
चकत्यांचंच असावं.
बाहेर डुकरीण खुराड्याला अंग घासत होती, ती आता दुसरी,
तिची आई ईस्टरला कापली.

किती वेळ गेला कोण जाणे.
तिने एक चकती उचलली, दिव्याशी धरली,
आणि मी वाट बघत राहिले
ती म्हणेल म्हणून.