उशिराचं वाण

न्खोताकोटाच्या वर, जिथून सरोवर दिसेनासं होतं,
लामेकी उभा आहे झाडाखाली.
झाडाखालीच म्हणायचं: दोन पुरुष उंच,
पानं इतकी निरुंद
की ऊन गाळून नाही, चिरून खाली येतं.

मका खुडला, कणगीत गेला, निम्मा खाऊनही झाला,
आणि चांब्याला आत्ता कुठे तुरा.
सैल तुरा. वारा आरपार जातो,
म्हणून पाऊस लांबला तरी बुरशी नाही.
वास कच्च्या गाजराचा, थोडा रॉकेलचा.

गेल्या साली भाचा एडिसन
लिलोंग्वेहून पाकीट घेऊन आला. दहा बिया, वर वाघाचं चित्र.
साठ दिवसांत तयार, म्हणाला.
झालीही. ठेंगणी, गच्च, गुटगुटीत,
आणि आठवडाभराच्या झडीत
आतून कुजली.

पण त्याआधी एक नर फुलला होता.
कुणाच्या लक्षात आलं नाही. वाऱ्याच्या आलं.

पवळ्याला निदान गुणच लागला होता;
इथे वाणच लागला.

बापाने शिकवलं तसं लामेकी
तुरे केळीच्या पानात आवळतो,
सालीच्या दोरीने बांधतो, कणसासारखे,
आणि पुरतो.
बिया मात्र तळहातावर घेऊन बसतो.
काळपट, बारीक, पट्ट्यापट्ट्यांच्या.
कुठली आपली, कुठली वाघाची?
नासिवेलो म्हणते, फेकून दे.

तो भोपळ्यात भरतो सगळ्या.
नोव्हेंबरात पेरू.
जे घाई करील
ते उपटायचं.