गंधार बाजूला ठेवून

करंगळीचं टोक बधिर आहे माझं.
हिलोच्या मासळीबाजारात, पहाटे चारला,
गोठलेल्या ट्यूनावरून सुरी सटकली
त्याला आता एकवीस वर्षं झाली.
तेव्हापासून त्या बोटाला मी
कामावर बोलावलं नव्हतं.

काउआनोएनं बोलावलं.
शेजारची, वय तेरा.
माझ्या गॅरेजात, माशांच्या कूलरवर मांडी घालून बसली
आणि आंब्याच्या लाकडाचं तिचं युकुलेले
माझ्या पोटाशी टेकवत म्हणाली,
"अंकल वेंडल, आवळू नका. मांजर झोपलंय असं समजा."

चार तारा. नाकाजवळची उंच,
तिच्या लगतची सगळ्यात खोल.
वरच्या पायरीवरून थेट तळाशी उडी,
मग पुन्हा जिना.
अंगठा, अंगठा, तर्जनी, मधलं.
प, सा, ग, प.
निघालो त्याच स्वरावर येऊन पोचायचं
आणि तरी काहीतरी चालून आल्यासारखं वाटायचं.

"आता अनामिका उचला."
उचलली. ग गेला, मोकळ्या तारेवर रे.
"परत ठेवा. आता करंगळी, एक घर पुढे."
म.
म्हणजे म यायला हवा होता.
आलं ते खरवडलेल्या तव्यासारखं,
आणि बाहेर झाडीत कोकी बेडकांनी
एका दमात सगळ्यांना कळवलं.

तार दबली की नाही, बोट सांगत नाही मला.
कानाला विचारावं लागतं.

"ग असला की ते हसतं," ती म्हणाली,
"नाहीतर रडतं. ग काढून शेजारचा बसवला
की काहीच ठरवत नाही."
"मग करतं काय?"
तिनं खांदे उडवले.
हुंगून पाहिलं कूलर.

पलीकडे त्यांच्या ओसरीत खोकी,
मार्चपासून, चिकटपट्टी लावलेली आणि परत उघडलेली;
तळाशी गेलेला तांदळाचा कुकर आठवड्यातून दोनदा लागतो.
बाप लास वेगासला पुढे गेलाय, हॉटेलच्या धोबीखान्यात.
तिथे घरभाडं निम्मं, म्हणतो. समुद्र नाही, हे म्हणत नाही.
घर विकलं गेलंय.
तिकिटं काढलेली नाहीत.
तिची आई कुंपणाशी उभी राहून माझ्याशी
फक्त पपईबद्दल बोलते.

रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं.
प सा रे प. प सा ग प. प सा म प.
तिसऱ्या आठवड्यात एकदा म वाजला, स्वच्छ,
आणि मी हात हलवेना.
पुन्हा तेच, पुन्हा तेच, अंगठा, अंगठा,
करंगळी तिथल्या तिथे.
सुरीनं दिलेल्या व्रणावर आता
तारेची खाच पडली आहे, आडवी.
दुखत नाही. चष्मा लावला की दिसते.

"अंकल," तिच्या अंगणातून हाक आली,
काहीतरी जड ढकलत होती ती,
"अंकल, आता ग!"

ऐकू आलं मला.
अंगठा, अंगठा, तर्जनी, मधलं.