इतिवृत्त

सत्तावीस वर्षं मी ग्रामसभेचं इतिवृत्त लिहिलं.
जाड वही, निळी शाई,
कुंभारजुव्याच्या खाडीवरून येणारी दमट हवा.
एक वाक्य हातात इतकं बसलं होतं
की झोपेतही लिहून झालं असतं:
"सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते संमत."

सविस्तर म्हणजे चहा यायच्या आत.
सर्वानुमते म्हणजे पुढच्या खुर्च्यांवरचे अकरा जण
आणि मागच्या बाकावरचा पेद्रू,
ज्याला ऐकू येत नसे.

मग एका रविवारी मिंगेलीन आली.
मीस संपवून थेट, काखेत छत्री,
मुठीत खारवटलेलं भात.
माझ्या उघड्या वहीवर तिनं मूठ सोडली.
"मानशीचं दार कुजलंय. दुरुस्तीचे पैसे
तुमच्या कागदावर दोनदा खर्च झाले.
मग खारं पाणी माझ्या शेतात
कुणाच्या सहीनं शिरलं?"

सरपंच हसले.
कुणीतरी म्हणालं, बाये, हे विषयपत्रिकेवर नाही.
ती म्हणाली, "पाणीपण नव्हतं."

आणि मी काय लिहिलं?
"एका ग्रामस्थाने शेतीविषयी सूचना केली."
नाव नाही. प्रश्नचिन्ह नाही.
शाई संपली नव्हती.
पण ते चिन्ह गळासारखं वाकडं,
कुणाच्या तरी घशात अडकलं असतं,
बहुधा माझ्याच.

दुसऱ्या दिवशी पेपरात सभा खेळीमेळीत पार पडली होती.
शेजारी अर्धं पान जाहिरात:
नदीकाठी स्वप्नातलं घर, सुरुवात तीन कोटींपासून.
चित्रातली हिरवळ मी ओळखली.
बांध होता, बांधावरचा वाकडा माड होता,
मिंगेलीन तेवढी नव्हती.
बातमीच्या शेवटी माझं नाव होतं, आभार मानल्याबद्दल.
मी ते कापून कपाटात ठेवलं.

त्याच आठवड्यात जेवताना शमिकानं विचारलं,
"पप्पा, जत्रेचा मांडव घालायला
वरच्या वाड्यावरचे हात चालतात,
मग देवळाच्या समितीत त्यांना खुर्ची का नाही?"
मी म्हणालो, थोरांना असं विचारायचं नसतं.
म्हणालो आणि हसलो.
ते हसू सरपंचांचं होतं.
हुमणातला घास तसाच राहिला.

आता निवृत्त आहे. जुन्या वह्या पंचायतीत वाळवी वाचते.
पण त्या पानाची नक्कल मी घरी आणली होती;
मूळ पानाच्या शिवणीत अडकलेला भाताचा एक दाणासुद्धा.
तो रुजणार नाही. मीठ लागलंय त्याला.

तुम्हांला एवढंच सांगतो, लिहिणारा होतो म्हणून:
विचाराल ते लिहून घ्यायला लावा.
नाव-आडनावासकट. मग उठून म्हणा, वाचून दाखवा.
पेपरात वाचाल तेव्हा शेजारची जाहिरातही वाचा.
आणि घरात पोर विचारील
तेव्हा ताट सारू नका.

मानशीचं दार भरतीला आपोआप मिटतं,
ओहोटीला आपोआप उघडतं,
म्हणून गाव निर्धास्त झोपतो.
पण लाकूड आतून कुजतं, आवाज न करता.
कुणीतरी कंदील घेऊन जावं लागतं,
बोटाच्या पेरानं ठोकून बघावं लागतं.
एक रात्र जाऊन भागत नाही.

गेल्या रविवारी मी मागच्या बाकावरून उठलो.
पेद्रूची जागा ती. गुडघे थरथरत होते, आवाजही.
दुरुस्तीचा हिशेब विचारला. मिंगेलीनचं नाव घेतलं,
पूर्ण, ती गेली त्या वर्षासकट.
नवा सेक्रेटरी पोरसवदा, लॅपटॉपवर टाइप करणारा.
"काका, सूचना म्हणून घालू?"
"नको. प्रश्न म्हणून घाल.
शेवटी ते चिन्ह दे."

सभा थांबली.
तो कीबोर्डवर वाकून शोधत राहिला,
ते कुठल्या बटणावर असतं.