तीन झटके

केयोनच्या इस्पितळात रात्री दोन वाजता
यंत्र सुरू झालं आणि मी दचकलो.
ओळखीचा आवाज.
माझ्या होडीवरचा कॉम्प्रेसर असाच घरघरतो,
याहून मोठ्यानं, डिझेल ओकत.
त्याच्या पिवळ्या नळीच्या टोकाला, बारा वाव खाली,
मी शिंपले खरवडत असतो
आणि वर ओस्वाल्दो नळी धरून बसतो.
त्याचं काम एकच: आवाजाकडे कान.
आवाज बदलला की मी गेलो.

आज नळीच्या त्या टोकाला आयलीन आहे.
चार महिन्यांची, साडेपाच किलो.
हिरवा मास्क तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर,
हनुवटीपाशी वाफ गळते
आणि गळ्याच्या घड्यांत थेंब होऊन बसते.
मी वरचा माणूस.
आयुष्यात पहिल्यांदा वरचा.

यात काय घातलंय, मी विचारलं.
मीठपाणी, डॉक्टर पाइयाकार म्हणाल्या. तीन टक्के.
आमचा समुद्र त्याहून जरासाच खारट.
म्हणजे थोडा पातळ करून, धुकं करून,
तोच तिच्या छातीत सोडताहेत,
ज्याला मी रोज छातीबाहेर ठेवतो.

याहून जालीम काही द्या, मी म्हटलं.
शेजारच्या पोराला दिलं होतं म्हणे, दम्याचं, निळ्या पंपातलं.
बाई खुर्ची ओढून बसल्या.
बसल्या तेव्हाच कळलं, उत्तर मला आवडणार नाही.
दम्यात नळ्या आवळतात, त्या औषधानं सैल होतात.
हिच्या आवळलेल्या नाहीत, सुजल्यात,
शिवणीच्या दोऱ्याएवढ्या नळ्या, त्यात शेंबूड.
ते औषध इथं चालत नाही.
आणि ही वाफसुद्धा, खरं सांगते,
कुणाला थोडी लागू पडते, कुणाला मुळीच नाही.
नाक साफ ठेवू, ऑक्सिजन देऊ, दूध घोट घोट.
बाकीचं तिचं तीच करेल.
दम धरा.

दम धरा!
बाई, एकदा खडकाशी नळीला पीळ पडला होता,
तेव्हा शंभरापर्यंत मोजलंय मी, दम धरून.
आपला धरता येतो.
दुसऱ्याचा कुठून धरायचा?

तिच्या फासळ्यांमध्ये खळगे पडतात,
ओहोटीच्या वाळूत पाऊल उचलल्यावर पडतात तसे,
भरतात, पुन्हा पडतात.
मिनिटाला बासष्ट. मी मोजले.
परत मोजले, बासष्टच.
हेर्मिनिया बाहेरच्या बाकावर दूध काढतेय,
सॅल्मनच्या कारखान्यातले पांढरे बूट अजून पायांत.
घरी धूर असतो का, नर्सनं मघाशी विचारलं.
जुलै आहे, बाहेर बर्फाचा पाऊस,
स्टोव्हमध्ये ओली लाकडं,
सुकी महाग.
मी फरशीकडे बघितलं. तिनं कागदावर काहीतरी लिहिलं.

मग यंत्र थांबलं.
मी ताडकन उठलो.
ओस्वाल्दो असता तर एव्हाना नळी ओढत सुटला असता,
हातांची सालं निघेपर्यंत.
झालं, औषध संपलं, नर्स म्हणाली, बसा.
आणि त्या शांततेत आयलीन
श्वास घेत होती. तसाच, भरभर, कुरकुरत,
यंत्राशी आपलं काही देणंघेणं नसल्यासारखा.

पहाटे तिनं चाळीस मिली दूध प्यायलं.
निम्मं माझ्या बाहीवर काढलं, ते वजा करा.
नाकातल्या ऑक्सिजनची बारीक नळी
तिच्या मुठीत सापडली, आणि तिनं ओढली.
एक झटका म्हणजे ठीक आहे.
दोन म्हणजे नळी सोड.
चार म्हणजे वर घे, आत्ताच्या आत्ता.
तिनं तीन दिले.
तीनचं आम्ही कधी काही ठरवलंच नाही.

मी नळीला दोन बोटं लावली
आणि हलकेच, एकदा, उत्तर दिलं.

नळीला हात लावू नका, नर्स ओरडली.