उत्पन्न की निधी

कुओपिओ. नोव्हेंबर. इमारतीच्या तळघरात
सत्तावीस खुर्च्या, ओल्या बुटांचा वास,
आणि टेबलावर पुराव्यादाखल ठेवलेला
कापलेला पाइप. गंजून गंजून आत
करंगळी जाईल एवढंच भोक उरलंय.
"बासष्ट सालचा," व्यवस्थापक सेइया म्हणाली,
कुणाचं वय सांगावं तशी.
मीही बासष्टचीच. गप्प बसले.

नळ बदलायचे. कर्ज इमारतीच्या नावावर,
हप्ता ज्याच्या त्याच्या माथी,
चौरस मीटरच्या मापानं.
इथवर कुणी हूं की चूं केलं नाही.
मग ती म्हणाली, एक शब्द ठरवायचाय.
आपला हप्ता वहीत कसा लिहायचा,
उत्पन्न म्हणून, की निधी म्हणून?

पाइप तेच. पैसे तेच.
पण उत्पन्न लिहिलं तर भाडेकरू ठेवणाऱ्याला
हप्ता त्याच वर्षी भाड्यातून वजा.
निधी लिहिला तर थांबायचं.
"कधीपर्यंत?"
"घर विकाल तोपर्यंत."

चौथ्या मजल्यावरचं ते घर मार्केताचं, माझ्या बहिणीचं.
खालच्या सौनाच्या तक्त्यावर अजूनही
तिच्याच अक्षरात तिचं नाव आहे: गुरुवार, सहा ते सात.
विकायचं म्हणे.

तिइहोनेनला मात्र निधीच हवा होता.
वसंतात तो त्याचा गाळा विकून औलूला जाणार, मुलाकडे.
त्यानं हात वर केला आणि वर धरून ठेवला,
मोजणी संपली तरी.
अकरा विरुद्ध सोळा.
जिंकलं उत्पन्न. जिंकले मी.
त्यानं टोपी घातली, माझ्याकडे पाहून मान हलवली.
राग नव्हता. त्यापेक्षा राग बरा असता.

जिना चढून योनाला सांगायला गेले.
रात्रपाळीचा बेकर, नुकताच उठलेला,
कानामागे पिठाचा पांढरा डाग.
उन्हाळ्यात चार महिने पाणी बंद, म्हटलं,
न्हाणीघर फोडणार.
"म्हणजे मला राहता येणार नाही," तो म्हणाला.
नाही.
"मग भाडंही नाही."
नाही.

वजा करण्याचा हक्क मी हात वर करून मिळवला होता.
आता ज्यातून वजा करायचं
ते दारात उभं राहून डोळे चोळत होतं.

"गुरुवारचं काय?" त्यानं विचारलं.
सौना चालू राहणार का, ते मलाही माहीत नव्हतं.
खाली उतरून तक्ता पाहिला.
पेन्सिलीचं अक्षर फिकट झालंय. खिशात पेन होतं.
ते मी बाहेर काढलं नाही.