दोन फूट

ऑगस्टची रात्र, सव्वादोन.
गंगापूर धरणावरच्या खोलीत
ट्यूबलाइट मरायला टेकल्यासारखी लुकलुकते.
वहीत शेवटची ओळ माझ्याच अक्षरात:
साठा एक्क्याण्णव टक्के, त्र्यंबकला पाऊस चालू.
अंबोलीचा फोन लागत नाही.

बेंडकुळे दाराशी, रेनकोट निथळतोय,
छत्तीस वर्षांचं ग्रीस बोटांच्या रेषांत.
"बाई, सांगा. किती उचलू?"

वरून निरोप आहे: परिस्थिती पाहून ठरवा.
या वाक्याइतकं कोरडं
आज रात्री अख्ख्या जिल्ह्यात काही नसेल.

सोडलं आणि पाऊस थांबला,
तर उन्हाळ्यात हेच पाणी मागायला शहर येईल,
चुंचाळ्याच्या हंड्यांना मी काय सांगणार?
नाही सोडलं आणि पहाटे वर ढग फुटला,
तर एकदम सोडावं लागेल.
एकदम म्हणजे काय,
ते मी पुस्तकात नाही, भांडीबाजारात शिकले.

आमचं दुकान नदीच्या बाजूने चौथं.
दादांचा नियम सरळ होता.
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, तर दुकान उघडं.
कमरेला लागलं, की खालची फळी वर.
छातीशी आलं, की पातेली, घंगाळं, समया, सगळं माळ्यावर,
आम्ही भावंडं जिन्यात ओळीने उभी,
या हातातून त्या हातात पितळ.
एकदा ताम्हण निसटलं माझ्याकडून.
बुडालं नाही, वाहूनही गेलं नाही,
दुकानातल्या पाण्यावर गरगरत राहिलं.
दादा ओरडले नाहीत.
म्हणाले, बघ, त्याचं अजून ठरत नाहीये.

मला वाटायचं, मोठं झालं
की प्रत्येकाला असा एक दगडी मारुती मिळत असेल.
बघायचं, आणि फळी उचलायची.
इथे वर मारुती नाही.
इथे मी म्हणेन तेवढं
त्याच्या अंगावर चढणार.

बेंडकुळेंना विचारलं, तुम्हाला काय वाटतं?
ते बराच वेळ अंधाराकडे बघत राहिले.
"बेडकं गप झाल्यात," म्हणाले.
मग जरा वेळाने,
"पण मागल्या साली बी गप झालती. काय झालं न्हाई."

आकडे तिसऱ्यांदा मांडले.
उत्तर तेच आलं, म्हणजे आलंच नाही.
अडीच वाजले.
काही न ठरवणं हेही
वहीत लिहावं लागतं, वेळ टाकून, सहीनिशी.

"दोन फूट," मी म्हणाले.
आवाज माझाच होता, जरा घोगरा.
भोंगा झाला. मोटार कण्हली.
पायाखालचं काँक्रीट थरथरलं,
की गुडघे, ते तेव्हा बघितलं नाही.
दादांना फोन केला नाही.
सगळ्या घाटाला जाईल ती सूचना त्यांनाही जाईल.
शिवाय त्यांनी आवाज ओळखला असता.

सकाळी उघडीप.
पाणी कमरेला टेकलं आणि तिथूनच परतलं.
दादांनी फळी वर केली, संध्याकाळी खाली.
चहाच्या टपरीवर कुणी म्हणालं, उगाच सोडलं.
कुणी म्हणालं, थोडक्यात वाचलो.
पुरावा दोघांकडेही नव्हता.
जी रात्र मी निवडली नाही
तिचा आकडा कुठल्याच वहीत नाही.

एप्रिलपासून शनिवारी नळ बंद.
माझ्याही घरचा. रिकामी बादली बाथरूममध्ये,
तिच्याशी माझं फारसं बोलणं होत नाही.
शनिवार मारुतीचा, म्हणून नदीवर जाते.
त्याचा शेंदूर कमरेपर्यंत फिका, वर गडद.
लोक तेल वाहतात, दोन्ही तोंडांना हात जोडतात.
मी ती मधली रेघ बघते.

जूनमध्ये बेंडकुळे निवृत्त झाले.
त्यांच्या जागी खैरनारांचा हर्षल आला,
चकचकीत बूट, खिशात दोन पेनं.
पहिल्याच पाळीला विचारतो,
"मॅडम, खात्री नसली की तुम्ही कसं ठरवता?"
मी खिडकीतून पाण्याकडे बघितलं.
म्हटलं, आधी ग्रीसचा डबा कुठे असतो
ते बघून ये.